बोडक्या राजाची आंघोळ

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या नावावर एक गुन्हा आहे. तो त्यांनी केलेला नाही, मी केला. एवढंसं सांगायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली. त्या काळात आक्कांच्या, म्हणजे या जाऊबाईंच्या, हातून घरातली एक गोष्ट गेली, जी सासूबाईंनी जाताना त्यांच्या ओच्यात दिली होती. ती गेली माझ्यामुळे, आणि मी बघत उभी राहिले.

मी मुळात कमी बोलणारी. लग्न होऊन आले तेव्हा भावकीतल्या एका म्हातारीनं माझ्या देखत विचारलं होतं, "मुकी हाय व्हय?" पण गप्प बसणाऱ्या बाईचा फायदा असा, की लोक तिला गुणी समजतात. हा फायदा मी भरपूर घेतला.

सासर कोरेगावच्या पलीकडचं. थोडा ऊस, थोडा घेवडा, दारात दोन म्हशी. थोरले दीर फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. मी आणि माझे मिस्टर सांगलीला, विश्रामबागेत राहतो. सणावाराला गावी जातो. आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलत नाही. भांडण नसतं, रीत असते. मी दादांच्या पुढ्यात चहाचा कप धरून उभी असले तरी दादा आक्कांना म्हणणार, "तिला म्हणावं, साखर जास्त झाली." आक्का माझ्याकडे बघून म्हणणार, "साखर जास्त झाली म्हणत्यात." मग मी आक्कांना म्हणणार, "उद्यापासून कमी घालते." इतकी वर्षं आमचा संसार असा दुभाष्या लावून चाललेला.

आता त्या गोष्टीकडे येते. आमच्या देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी, तांदळाच्या वाटीत एक चांदीचा रुपया असे. राणीछाप रुपये गावात चार घरांत निघतील. आमचा राणीच्या आधीचा. त्याच्या एका बाजूला इंग्रज राजाचं मुंडकं होतं, ना मुकुट, ना पागोटं. दुसऱ्या बाजूला पानांच्या वेलीत इंग्रजी आणि फारसी अक्षरं. राजा असून डोकं उघडं, म्हणून घरात त्याचं नाव बोडका. आम्ही सुना त्याच्यासमोर पदर घेणार, आणि हा आपला उघड्या डोक्यानं बसलेला. तो घरात कसा आला याच्या दोन गोष्टी आहेत. दादांच्या गोष्टीत एका पूर्वजाला तो पलटणीत बक्षीस मिळाला. आक्कांच्या गोष्टीत त्याच पूर्वजानं औंधच्या जत्रेत बैल विकला आणि त्यातला एवढाच काय तो घरी पोचला. बाकीच्याचं काय झालं, हे पूर्वजाच्या बायकोनंही विचारलं नसावं.

घरात लग्न असलं की नवरीच्या ओटीत पहिल्यांदा बोडका जाई, मग हळकुंड, सुपारी, तांदूळ. आणि लगेच परत काढून घेतला जाई. काढून घेणं महत्त्वाचं. एकदा चुलत नणंदेच्या ओटीतून तो फलटणपर्यंत गेला होता, तेव्हा सासूबाई दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीनं जाऊन तो घेऊन आल्या, त्या पोरीला न भेटता.

त्याचा एक नियम होता. टाक दिवाळी-दसऱ्याला घासायचे. बोडक्याला घासायचं नाही. दुधाचं बोट लावायचं आणि मऊ फडक्यानं पुसायचं. "घासली की लक्षुमी झिजती," असं सासूबाई म्हणत. त्या गेल्या त्या सकाळी त्यांनी माझ्यासमोर आक्कांना जवळ बोलावून वाटी त्यांच्या ओच्यात ठेवली. किल्ल्या दिल्या नाहीत, दागिने दिले नाहीत, ते नंतर कपाटात सापडले. रुपया तेवढा हातानं दिला.

तर आमच्या पुतणीचं, आक्कांच्या लेकीचं, लग्न ठरायचं होतं. ती पुण्यात नोकरीला. मुलगाही तिथंच, मूळचा सांगलीचा, आमच्या घरापासून दोन गल्ल्या मागं घर. दोघांनी आपापसात सगळं ठरवून टाकलं होतं. आता ते आम्हाला सुचल्यासारखं व्हायला हवं होतं, म्हणून मधल्या एका मावशींकरवी रीतसर स्थळ आलं. दादांनी पत्रिका बघितली, जमते म्हणाले. न जमून सांगतात कुणाला!

मुलाचे वडील बँकेतून निवृत्त झालेले आणि नाण्यांचे नादिष्ट. पुतणीनं दसऱ्याला देव्हाऱ्याचा फोटो मुलाला पाठवला होता. मुलानं तो सहज वडिलांना दाखवला. वडिलांनी मोबाइलवर दोन बोटांनी तो एवढा मोठा केला, की देव सगळे बाहेर गेले आणि नुसता बोडका उरला. त्याच संध्याकाळी त्यांचा दादांना फोन आला. दादांनी स्पीकर लावला, कारण फौजेत असल्यापासून त्यांना फोन म्हणजे सगळ्यांनी ऐकायची गोष्ट वाटते.

"मुलगी आम्हाला पसंतच आहे," मुलाचे वडील म्हणाले. "रविवारी येतो. तेवढा तो रुपया बघता येईल ना?"

"या की! घर तुमचंच हाय."

"आणि हे बघा, काही करू नका हं. अगदी आहे तसंच असू दे. हात लावू नका कशाला."

"न्हाई न्हाई. काय करत न्हाई आमी," दादा म्हणाले, आणि फोन ठेवून आक्कांना म्हणाले, "पुरणाचं बघ."

यात दादांचं काही चुकलं नाही. आपल्याकडे पाहुणा 'काही करू नका' म्हणाला की दोन भाज्या वाढवायच्या असतात. 'आहे तसंच असू दे' म्हणाला की भिंतीला चुना लावायचा असतो. तो माणूस अक्षरशः जे मनात आहे ते बोलतोय, ही शंका आमच्यातल्या एकालाही आली नाही. पाहुण्यांनी असं बोलायची पद्धतच नाही.

त्या रविवारी आम्ही दोघं गावीच होतो. सकाळी आक्का चुलीपुढे आणि देव माझ्याकडे. मागच्या परसात न्हाणीच्या दगडावर बसून मी टाक घासले. खंडोबा चमकला, यमाई चमकली. आणि वाटीत हा काळाकुट्ट. कडेनं निळसर, गालावर तांबूस, मधे जांभळट झाक. मला लाज वाटली. सांगलीची माणसं यायची, खास याला बघायला यायची, आणि हा असा! मुलगी दाखवताना आपण वेणीफणी करतो की नाही?

नियम मला पाठ होता, म्हणजे अजाणता केलं असं म्हणायची सोय नाही. मी इकडेतिकडे बघितलं, चिंच घेतली, मीठ घेतलं, भांड्यांची लाल पावडर घेतली, आणि राजाला आंघोळ घातली. खरं सांगते, फार बरं वाटलं. राजाला गाल आला, कान आला, कपाळावरची बट आली. पाण्यातून काढला तेव्हा नव्या स्टीलच्या चमच्यासारखा लखलखत होता. बाजारातनं आत्ता आणल्यासारखा. मी त्याला तांदळात असा खोचला की आक्कांना चटकन दिसू नये, आणि पदराला हात पुसून पुरणाला बसले.

पाहुणे आले. मुलाचे वडील सडपातळ, मऊ बोलणारे. आई हसतमुख. पुतणी चहा घेऊन आली, तिच्याकडे त्यांनी 'छान छान' म्हणून बघितलं आणि दादांकडे वळले. रुपया बघण्याआधी तो काय आहे हे आम्हाला कळायला हवं, असं त्यांना वाटत होतं.

"याच्याआधी रुपया म्हणजे एक नव्हताच हो," ते म्हणाले. "आपल्याच भागात बघा. एका पेठेत चांदवडी चाले, दुसरीत अंकुशी, कृष्णा ओलांडली की आणखी तिसरा. साताऱ्याचा माणूस सांगलीला हळद घ्यायला गेला, तर वाटेतच सराफ बसलेला. तुझा रुपया हलका, याचा खोटा, त्याला बट्टा. रुपया तोच, पण गाव बदललं की बारा आणे."

"फौजेत आमचंबी तसंच," दादा म्हणाले. "दर पलटणीचा चहा येगळा."

"आणि मग कंपनीनं हा काढला. अठराशे पस्तीस सालचा. एकच वजन, एकच छाप, कलकत्त्यापासून इकडं सगळीकडं तोच. आज आपण कन्याकुमारीला नोट देतो आणि कुणी तोंड वाकडं करत नाही ना, त्याची सुरुवात ही."

स्वयंपाकघराच्या दारातून आक्का म्हणाल्या, "म्हंजी सुनेवानी की! म्हायेरी कायबी नाव असू द्या, सासरी आली की सगळीकडं एकाच नावानं चालती."

पाहुणे एवढे खूश झाले की त्यांनी हे दोनदा म्हणून बघितलं. "वा! बाई, हे मी वापरणार," असं म्हणाले. त्या क्षणी आक्कांचा त्या घरात जो मान होता, तो मी पुढच्या काही मिनिटांत घालवला.

मी तबक घेऊन आले. मुलाचे वडील हात धुवायला गेले होते. त्यांच्या बायकोनं तबकात बघितलं. "अगंबाई! किती लख्ख!"

आक्कांनी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. बोडक्याकडे, मग माझ्याकडे. त्यांच्या भुवया वर गेल्या, आणि मला कळलं, आता पाहुण्यांसमोर मला बोलणी बसणार. मी जन्मात बोलत नाही ती त्या वेळी चटकन बोलले.

"आमच्या आक्कांचा हात आहे हो. चांदी घासावी तर त्यांनीच."

किती सोज्वळ वाक्य आहे बघा! थोरल्या जावेला मोठेपणा देणारी धाकटी जाऊ. विहीणबाईंच्या डोळ्यांत कौतुक आलं. आता आक्का मला रागावणार कशा? मीच त्यांची स्तुती केलेली. मला माझ्या हुशारीचं हसू आलं. ते अजून ओठांवर होतं तेवढ्यात मुलाचे वडील आले, खिशातून पांढरे हातमोजे काढून घालू लागले.

"ऑपरेशन हाय का काय?" दादा म्हणाले.

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, दोन बोटांत कडेनं रुपया उचलला, आणि तसेच थांबले. भिंग खाली घेतलं. पुन्हा लावलं. मग रुपया तबकात ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाले, "थोडं पाणी मिळेल?"

पाणी प्यायले. "कुणी केलं हे?"

"ह्यांनीच," विहीणबाई आनंदानं म्हणाल्या आणि आक्कांकडे बोट केलं. "आत्ताच सांगितलं की!"

तो मऊ बोलणारा माणूस आक्कांवर ओरडला. "अहो बाई, काय केलंत हे! मी फोनवर सांगितलं होतं, हात लावू नका! दोनशे वर्षांचा काळ अंगावर चढला होता त्याच्या. तो रंग पैसे देऊन मिळत नाही. चिंच लावलीत ना?"

आता आक्का सांगतील, मला वाटलं. मी पदर घट्ट धरला.

"व्हय," आक्का म्हणाल्या. "लावली की."

"आणखी काय?"

आक्कांना काय ठाऊक? न केलेल्या गुन्ह्याची उलटतपासणी चाललेली. त्यांनी क्षणभर विचार केला. "मीठ."

"आणि पावडर?"

"आता मीठ लावल्यावर पावडर नगं व्हय?"

पाहुण्यांनी डोळे मिटले. पुरणपोळी अर्धी खाल्ली, 'कळवतो' म्हणाले आणि गेले. पुतणी आत जाऊन रडली. आणि दादांनी बोडका तबकातून उचलला, फौजेतली आपली लोखंडी ट्रंक उघडली, त्यात ठेवला आणि कुलूप लावलं.

"आता ह्यो माझ्या चार्जमदी," ते आक्कांना म्हणाले. "आयनं तुझ्या हातात दिला आन तू त्येला भांड्यागत घासलंस? शिस्त म्हनून काय हाय का न्हाई घरात?"

आक्का उष्टी ताटं गोळा करत होत्या. माझ्या जवळून गेल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "जा, पोरीपाशी बस जा." मला वाटलं, रात्री बोलतील. रात्री त्यांनी मला सांगलीला न्यायला लोणचं भरून दिलं.

मग बरेच दिवस सांगलीहून फोन नाही. पुतणी पुण्याहून मला फोन करून रडे, "काकी, आईनं असं का केलं गं?" मी "बघू, बघू" म्हणे. शेवटी एका दुपारी मी धीर करून त्यांच्या घरी गेले. म्हटलं, मुलाच्या वडिलांना सगळं सांगावं आणि हात जोडावे. बेल वाजवली तर तेच दारात आले आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हात जोडले.

"मी तुमच्या जाऊबाईंना त्यांच्याच घरात वाटेल तसं बोललो. तुमच्याकडून फोन नाही म्हणजे तुम्ही मोडलंत हे समजलो आम्ही. मुलगा माझ्याशी बोलत नाही. बायको फक्त जेवायला वाढते."

म्हणजे ते आमच्या फोनची वाट बघत होते आणि आम्ही त्यांच्या. मी मटकन सोफ्यावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. चिंच, मीठ, पावडर, आणि ते सोज्वळ वाक्य. परक्या माणसाला सांगणं किती सोपं! ते ऐकत राहिले.

"मग त्या 'हो' का म्हणाल्या?"

"मी म्हटलं होतं ना, त्यांनी केलं. नाही म्हणाल्या असत्या तर मी खोटी पडले असते. पाहुण्यांसमोर."

 त्यांनी फोन उचलला. "मी आत्ता त्यांची माफी मागतो आणि सगळ्यांना..."

"नको," मी म्हटलं. "माफी मागा. ते दुसरं मी सांगते. माझं मी सांगते."

त्यांनी विश्वास ठेवला. लग्न ठरलं. आणि मी सांगितलं नाही.

अगदीच नाही असं नाही. हळदीच्या दिवशी मांडवात भावकीतल्या बायका आक्कांना चिडवत होत्या. "आक्का, जावयाला घासू नगासा हं, रंग जाईल!" त्या हसत होत्या, आक्काही हसत होत्या. मला राहवलं नाही. मी उठून सगळ्यांसमोर म्हटलं, "आक्कांनी नाही, रुपया मी घासला."

 मग ती मला मुकी म्हणणारी म्हातारी, अजून आहे, डोळ्याला पदर लावून म्हणाली, "बगा गं बायांनू! दुसरीचा दोस आपल्या अंगावर घेतीया. अशी जाऊ कुटं मिळायची न्हाई."

"नाही हो आत्या, खरंच मी..."

"कळतंय बाई, कळतंय. संस्कार असत्यात येकेकाचे."

दुपारपर्यंत ते दादांच्या कानावर गेलं. त्यांनी मांडवाच्या खांबाकडे बघून आक्कांना सांगितलं, "तिला म्हणावं, मन मोठं हाय तिचं. पर चूक ती चूक." त्यांनी ट्रंकेतून बोडका आणला, स्वतः लेकीच्या ओटीत घातला, स्वतः काढून घेतला आणि पुन्हा कुलूप. आक्का शेजारी ओटीचं ताट धरून उभ्या होत्या. मी हळूच म्हटलं, "आक्का, मी सांगितलं, पण कुणी ऐकत नाही." त्या ताटावरची नजर न हलवता म्हणाल्या, "आता चांगली म्हणून घे. तीच शिक्षा तुला."

ती शिक्षा मी पुढची दिवाळी येईपर्यंत भोगली. तशी सवय होते. कुणी 'तुमच्यासारखी जाऊ' म्हटलं की मी मान खाली घालायची, आणि ती मान खाली घालणंही लोकांना आवडायचं.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला दादांनी ट्रंक उघडली. पाटावर बोडका ठेवला. आता तो पुन्हा थोडा मंदावला होता, पिवळट. आक्का दुधाची वाटी घेऊन आल्या, बोट दुधात बुडवून पुढं केलं. इतक्या वर्षांचा हात, आपसूक गेला.

"नगं," दादा म्हणाले. "लांबनंच."

आक्कांनी बोट मागं घेतलं. ते पदराला पुसलं. वाटी खाली ठेवली आणि आरतीला टाळ्या वाजवायला लागल्या. दादांचं ते बोलणं रागाचंही नव्हतं, सवयीचं होतं, तेच मला सोसलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाडवा. सकाळी दादा पुढच्या सोप्यात खुर्चीवर वर्तमानपत्र वाचत होते. आक्का कडेला घेवडा निवडत होत्या. मी पदर घेतला आणि दादांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"दादा, तो रुपया मी घासला."

त्यांनी वर्तमानपत्राआडून आक्कांना म्हटलं, "तिला म्हणावं, आता पुरं झालं ते. तिचं मन..."

"माझं मन मोठं नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "चिंच लावली, मीठ लावलं. पण कडेच्या बारीक रेघांत काळं राहत होतं. बोट पोचेना. म्हणून न्हाणीच्या कोनाड्यातला ब्रश घेतला."

वर्तमानपत्र खाली आलं. इतक्या वर्षांत दादांनी माझ्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं, आणि माझ्याशी बोललेला त्यांचा पहिला शब्द असा होता:

"कुठला ब्रश?"

"हिरवा."

"दात घासायचा?"

"हो. मला वाटलं टाकाऊ आहे. त्याचे केस वाकलेले होते. मग दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तो..."

"धुतला हुता का?"

"धुतला होता. पावडर थोडी लाल राहिली असेल."

दादा उभे राहिले. त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार. "आगं, मला आंबट लागलं हुतं!" ते आक्कांना म्हणाले. "दोन दीस आंबट! मी हिरड्यातनं रगात येतंय म्हनून डाक्टराकडं गेलो! फौजेच्या क्यांटीनात जाऊन भांडलो, तुमची पेस्ट खराब हाय म्हनून! त्या पोरानं ट्यूब बदलून दिली, सॅल्यूट मारून!"

आक्कांच्या हातातला घेवडा सांडला. त्या हसायला लागल्या. आधी बिनआवाजी, खांदे हलवत, मग तोंडाला पदर लावून, मग पदरही सुटला. मी दादांसमोर उभी राहून, आयुष्यात पहिल्यांदा, तोंड आवळून हसू दाबत होते आणि रडत होते.

दादांनी आक्कांचं हसू थांबू दिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मंग तू 'व्हय' का म्हनलीस?"

"पाव्हण्यांम्होरं घरची सून खोटी पाडू?"

"आन पाव्हनं गेल्यावर?"

"तुमी इच्यारलं का? तुमी डायरेक कुलूप लावलं." आक्का घेवडा गोळा करू लागल्या. "मला वाटलं, आज इच्यारतील, उद्या इच्यारतील. आपल्या बायकूला चाळीस वर्सं बघतुया, येवढं तर कळंल. न्हाई कळलं."

 दादा आत गेले. ट्रंकेचं कुलूप काढल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा तळहातावर बोडका होता. आक्कांच्या पुढ्यात धरला.

आक्कांनी हात पुढं केला नाही. "ठिवा की देव्हाऱ्यात. जागा म्हाईत हाय ना? दुधाचं बोट लावा, घासू नगा. सांजंचा दिवा बी लावा. वात कापसाची घ्या, दोऱ्याची नगं. म्हशीची धार काढायला शेजारच्या पोरास्नी हाक मारा."

"आन तू?"

"मी सांगलीला चालले," आक्का म्हणाल्या आणि उठल्या. "हिच्या घरी. हिनं मला न्यायला पायजे, का नगं?"

मी घाईघाईनं हो म्हटलं. माझे मिस्टर तेवढ्यात अंघोळ करून आले आणि काय झालं विचारू लागले. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. दोन दिवस राहून गाडीतून या, असं सांगून मी त्यांना मागं ठेवलं. दादांना चहा करता येत नाही.

आम्ही दोघी एसटीनं निघालो. आक्कांनी एक पिशवी घेतली होती, तिच्यात दोन लुगडी आणि उरलेला घेवडा. खिडकीची जागा त्यांना दिली.  रहिमतपूरच्या पुढं उसाच्या रानांकडे बघत म्हणाल्या, "तू वाईट न्हाईस. घाबरट हाईस. वाईट माणसापरास घाबरट माणूस लय तरास देतं."

"हो आक्का."

"व्हय व्हय करू नगंस. तिथं तोंड उघडायचंस तवा उघडलं न्हाईस."

कंडक्टर आला. बायकांना अर्धं तिकीट, म्हणून त्यानं दोघींचं मिळून एकाच माणसाएवढं घेतलं. आक्कांनी तिकीट उलटंपालटं करून बघितलं. "येवढ्यात जातं व्हय सांगलीला? आन तू मला कवा सांगितलं न्हाईस."

"किती दिवस राहाल?" मी विचारलं.

"तुजं काय काम हाय का?"

"नाही."

"मंग इच्यारू नगंस."

त्यांनी काच ओढून घेतली, पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांची मान माझ्या खांद्यावर आली. रस्ता खराब होता, खांदा बधिर झाला, पण कऱ्हाड येईपर्यंत मी हलले नाही.